सुमनताईंची आजारवही

ऑफिसात कोणी शिंकलं की सुमनताई आधी घड्याळाकडे बघत. मग ड्रॉवरमधून दोनशे पानी वही काढून लिहीत: ‘११.२०. काळे. शिंका तीन. नाक वाहतं.’ वही मिटली की पुन्हा आपल्या कामाला.

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत त्या आवक-जावकच्या टेबलावर बसायच्या. येणाऱ्या कागदावर शिक्का मारायचा आणि नंबर टाकायचा, एवढंच त्यांचं काम. सगळ्यांच्या आजारपणाचं खातं त्यांनी आपण होऊन घेतलेलं. कोणी हसलं तर म्हणायच्या, “उद्या तू पडलीस अन् साहेब म्हणले, ही तर काल ठणठणीत होती, मंग? लिहिलेलं पाहिजे बराबर.” एचआरच्या साहेबांनाही या वहीतून सूट नव्हती. त्यांच्या खोकल्याची एकदा नोंद झाली, तेव्हापासून ते खोकायला जिन्यात जात.

मी नोकरीला लागले त्या पहिल्याच दिवशी चहाच्या सुट्टीत त्यांनी माझं नेमणूकपत्र मागितलं.

“वाचलंस?”

“सही केली ना, ताई.”

“सही दिसून राह्यली मला. वाचलंस का?”

नव्हतं वाचलं. त्यांनी मला समोर बसवून चारही पानं मोठ्याने वाचायला लावली. पगाराचा आकडा आला तसा मी आवाज खाली घेतला. “ते सोड,” त्या म्हणाल्या, “ते सगळ्यांना पाठच असतं. रजा वाच.” आजारपणाची रजा रुजू झाल्या दिवसापासून लागू, परत आल्यावर सात दिवसांत डॉक्टरचा दाखला, असं तिसऱ्या पानावर होतं. ते दोनदा वाचून घेतलं तेव्हा कुठे मला चहा मिळाला, तोही गार. मला वाटलं, बाईचं डोकं जरा सरकलेलं आहे.

तिसऱ्या महिन्यात मला कावीळ झाली. एका दुपारी मी डबा न खाताच बंद केला. ताई उठून आल्या, सगळ्यांसमोर माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि वहीत वेळ टाकली. “आई आहे ना गावाकडं? मंग जल्दी नीघ. रूमवर एकटी बिलकुल पडू नको.” मी साहेबांना मेसेज टाकला आणि बस धरून कुंभार पिंपळगावला घरी गेले. डॉक्टरांनी दोन आठवडे अंथरुणातून उठू नको म्हणून सांगितलं.

त्यानंतरच्या रविवारी भर उन्हात आमच्या दारात जीप थांबली आणि सुमनताई उतरल्या. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात मोसंब्यांची पिशवी. जालन्याहून घनसावंगीपर्यंत बस, पुढे जीप, तीही कोणाची तरी शेळी पायाशी घेऊन. कोणी मोठ्या अधिकारी आल्या असं समजून आई नवीन चादर काढायला लागली.

“चादर राहू द्या, बाई. आधी पोरीची सही पाहिजे.”

त्यांनी माझा रजेचा अर्ज लिहूनच आणला होता, तो मोठ्याने वाचून दाखवला. पहिल्या परिच्छेदात माझ्या उलट्यांचं वर्णन इतकं हुबेहूब होतं की ते ऐकून आईने नाकाला पदर लावला.

“ताई, मी साहेबांना मेसेज केलाय.”

“मेसेजला आवक नंबर असतो का?”

मी पडल्या पडल्या सही केली. अर्ज पर्समध्ये गेला. मग त्यांनी माझ्या उशाशी बसून एकेक मोसंबी सोलली, फोडींची सालं काढली, बिया काढल्या आणि मला भरवल्या. पाणी उकळून देता का म्हणून आईची उलटतपासणी घेतली आणि चारच्या जीपने परत गेल्या.

मी परत रुजू झाले तेव्हा टेबलावर पाकीट होतं. विनापरवाना गैरहजर. आपण अद्याप प्रोबेशनवर आहात, तरी आपली सेवा समाप्त का करू नये, याचा खुलासा करावा. आमच्या घरात ऑफिसात नोकरी करणारी मी पहिली. बाबांनी निम्म्या गावाला सांगून ठेवलेलं.

साहेब माणूस वाईट नव्हता. खुर्ची देऊन म्हणाले, “मॅडम, प्रोबेशनमध्ये सिक लीव्ह नसते. आणि तुमचा तर अर्जही नाही.” मला रडू फुटलं, तशीच पाकीट घेऊन बाहेर आले.

“रडलीस?” ताई म्हणाल्या. “किती वाजता?” हात वहीकडे गेला, तो त्यांनी मागे घेतला. मग उठल्या आणि मला पुन्हा केबिनमध्ये घेऊन गेल्या.

“साहेब, हे हिचं नेमणूकपत्र. पान तीन. खाली तुमची सही.”

साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. “जुन्या नमुन्यातलं राहून गेलं असेल हे.”

“राहून गेलं तर राहू द्या. लिहून दिलंय ना आपण.”

“बरं, पण अर्ज?”

“सोमवारी सकाळी आल्ता. आवक नंबर चारशे बारा. मीच ठेवला तुमच्या टेबलावर. त्या डाव्या गठ्ठ्यात बघा.”

डाव्या गठ्ठ्यात सापडला. पहिला परिच्छेद वाचून साहेबांनी हातातला चहा बाजूला ठेवला. मी दाखला पुढे केला. साहेबांनी तो अर्जाला टाचला आणि पेन हातात धरून बसले. त्यांनाही या कंपनीत येऊन वर्षच झालं होतं.

“वरून मला कोणी विचारलं तर?”

“मंग मला बोलवा. मी येते ना वही घेऊन.”

साहेबांनी पत्र मागे घेतलं आणि अर्जावर ‘मंजूर’ लिहिलं. बाहेर आल्यावर मी ताईंच्या पाया पडायला वाकले, तर म्हणाल्या, “वाकू नको, चक्कर यील. अजून पिवळीच आहेस.”

थंडीत एका सोमवारी सुमनताई आल्याच नाहीत. अर्ज नाही, निरोप नाही. दुपारपर्यंत त्यांच्या टेबलावर शिक्का न मारलेल्या कागदांचा ढीग झाला. साहेबच म्हणाले, “जरा बघून या बरं.”

जुन्या जालन्यात एका धान्याच्या दुकानाच्या वर त्यांच्या दोन खोल्या होत्या. दार नुसतं लोटलेलं. ताई दोन गोधड्यांखाली तापाने फणफणत होत्या.

“ताई, फोन तरी करायचा.”

“कोणाला?”

तक्रारीचा सूर नव्हता. खरंच माहिती विचारावी तसं विचारलं.

मी पट्टी ओली करून कपाळावर ठेवली. भिंतीवर त्यांच्या यजमानांचा हार घातलेला फोटो होता. मी तिकडे बघतेय हे त्यांनी पाहिलं.

“मी नवीन लागल्ते तवा. दोनच महिने झाल्ते. ह्यांना दवाखान्यात ठेवल्तं. मी रजा मागितलीच न्हाई. वाटलं, काढून टाकतील. सकाळी डबा ठेवून ऑफिसला जायचे, संध्याकाळी यायचे. नर्स म्हणायची, दुपारभर दाराकडं बघत राहतात.” त्या थांबल्या. “मिळत होती गं रजा. मला माहीतच न्हवतं.”

मी साहेबांना फोन करून आज परत येत नाही म्हणून सांगितलं. मग आत गेले, डबे उघडून डाळ-तांदूळ शोधले आणि खिचडी टाकली. भांड्यांचा आवाज जरा थांबला तसं त्यांनी बाहेरून विचारलं,

“जाऊन राह्यली का?”

“नाही, ताई. इथंच आहे.”

मग त्या म्हणाल्या, “मंग जरा पातळच कर.”