कडबाकुट्टीतून गेलेले सिद्दीकभाई

शिक्रापूरचे दूधवाले सिद्दीकभाई तांबोळी यांनी चौकात भेळ खाल्ली आणि सवयीप्रमाणे खालचा कागद वाचायला घेतला. ती त्यांच्याच रेशनकार्डाची झेरॉक्स होती. खाली त्यांचीच सही, सहीवर चिंचेची चटणी.

“हे कुठनं आलं?”

“मोबाइलच्या दुकानाची रद्दी हाय,” भेळवाला म्हणाला. “तुमची आणिक एक व्हती. कारेगावचा एक कामगार मागून घेऊन गेला. त्याला मोबाइल घ्यायचा व्हता, इथल्या पत्त्याचा पुरावा न्हवता.”

सिद्दीकभाईंच्या पायाखालची वाळू सरकली. शहरात म्हणे अशा वेळी कागद बारीक करायचं मशीन वापरतात. त्यांच्याकडे त्याहून दणकट मशीन होतं, म्हशींची वैरण कापायची कडबाकुट्टी. त्याच संध्याकाळी भेळेचा कागद, रेशनकार्ड, लाइटबिलं, शाळेचा दाखला, झाडून सगळं कुट्टीत गेलं.

“अहो, अस्सल तरी ठेवा!” पत्नी हमीदाबी ओरडल्या.

“अस्सल हाय म्हणून तर नक्कल निघती. मुळावरच घाव घातला पायजे.”

म्हशींनी वैरणीबरोबर सगळं खाल्लं. त्यांची काही हरकत नव्हती.

दोन महिन्यांनी त्यांच्या मुलीचा, निलोफरचा, नर्सिंगला नंबर लागला. शनिवारपर्यंत रहिवासी दाखला द्यायचा, नाहीतर जागा दुसरीला. पहाटे धारा काढून पोरीनं अभ्यास केला होता हो! बाप-लेक शिरूरच्या तहसील कचेरीत धावले. टेबलावर बापूसाहेब होते, शिक्रापूरचेच, रोज सकाळी सिद्दीकभाईंच्या दुधाचा चहा पिऊन निघणारे.

“वडलांचं रेशनकार्ड?”

“म्हशीनं खाल्लं.”

“मग दुसरं काढा. अर्जाला जुन्या कार्डाची झेरॉक्स जोडा, आन् तुम्हीच सिद्दीक तांबोळी असल्याचा पुरावा.”

“बापूसाहेब, तुम्ही मला वळखत न्हाई व्हय?”

“घरी वळखतो की. हितं वळखायला कागद लागतो.”

ती झेरॉक्स आता एकाच माणसाकडे होती. सिद्दीकभाई तणतणत कारेगावला गेले, स्वतःचंच नाव विचारत खोली शोधली, दार वाजवलं.

“मी सिद्दीक तांबोळी!”

“वो तो मैं हूँ,” आतला माणूस अदबीनं म्हणाला. “आपके पास कोई प्रूफ है?”

सिद्दीकभाईंनी कॉलर धरायला उचललेला हात जोडला. निलोफरची हकिगत सांगताना त्यांना रडू फुटलं. माणूस मोठा भला निघाला. त्यानं कंपनीत अर्धी रजा टाकली आणि फाइल घेऊन शुक्रवारी कचेरीत हजर झाला. रेशनकार्डाची झेरॉक्स, मोबाइलचं बिल, बँकेचं पासबुक, सगळीकडे एकच नाव.

बापूसाहेबांचा चेहरा खुलला. “ह्याला म्हंत्यात कागदपत्रं! सिद्दीक तांबोळी, वडील म्हणून हितं सही करा.”

त्यानं सही केली. मूळच्या सिद्दीकभाईंच्या सहीपेक्षा ती वळणदार होती.

“बापूसाहेब, पोरगी माझी हाय,” सिद्दीकभाई हळूच म्हणाले.

“तुम्ही भाहेर थांबा. कामाच्या टेबलापाशी अनोळखी माणूस नको.”

निलोफर दाखला घेऊन बाहेर आली. तिनं आधी बापाकडे पाहिलं, मग फाइलवाल्याकडे, आणि प्रवेशाला अजून वडलांची सही लागणार असल्यानं फाइलवाल्याच्या पाया पडली.

हसताय? हसा. पण परवा मोबाइलच्या दुकानात तुम्ही सही करून दिलेली झेरॉक्स कुणाकडे गेली, तेवढा पत्ता काढून ठेवा. चोर सापडलाच तर पोलिसांत जाऊ नका. चहा पाजा, गोड बोला. उद्या कचेरीत तुम्ही म्हणून तोच चालणार आहे.