पाण्याच्या दाबाचा मान्यताप्राप्त कोन

पाणीपुरवठा कार्यालयाच्या बैठकीत त्या दिवशी एकच विषय होता: शेवटच्या गल्लीसाठी पंप घ्यावा की न घ्यावा. निर्णय आलेख पाहून व्हायचा होता आणि आलेख काढायचं काम आकडेताईंकडे होतं. हे नाव कार्यालयानंच ठेवलेलं; खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक. त्या काळी कार्यालयात संगणक एकच, आणि त्याच्यासाठी स्वतंत्र पंखा होता. माणसं पुठ्ठ्यानं वारा घेत.

ताईंची आत्या शेवटच्या गल्लीतच राहायची. "अगं, सकाळी नळ सोडला की नुसता सूं-सूं आवाज," ती फोनवर म्हणाली होती. "पाणी येत नाही, पण यायचा विचार करतंय असं वाटतं. पंपाचं तेवढं बघ बाई."

ताईंनी मोजमापं गोळा केली होती तीन गोष्टींची: दिवसातली वेळ, टाकीपासूनचं अंतर आणि पाण्याचा दाब. त्यांनी सॉफ्टवेअरमधून साधा रंगीत पट काढला. आडवी वेळ, उभं अंतर आणि दाब रंगात. भरपूर तिथे निळा, शून्य तिथे लाल. सकाळच्या वेळी, शेवटच्या गल्लीत, ठसठशीत लाल डाग.

"हे चपटं आहे," मोठे साहेब म्हणाले. "गोष्टी तीन आणि मिती दोनच? तिसरी कुठे गेली?"

"रंगात आहे, साहेब."

"रंगात कशी असेल? आणि लाल कशाला? लोक घाबरतील. आपल्या खात्याचा रंग निळा. सगळं निळं करा आणि उभं करा."

ताईंनी दाबाला उंची दिली. पडद्यावर निळा डोंगर उभा राहिला. सगळे 'वा!' म्हणाले. मग उपसाहेबांनी चष्मा लावला.

"पुढ्यात हा खड्डा कसला?"

"शेवटची गल्ली."

"अगदी दाराशीच आहे हो. पाहुणा आल्या आल्या पडायचा! फिरवता येतं का हे?"

येत होतं. ताईंनी आलेख फिरवला, खड्डा डोंगराआड गेला.

"आकडे बदलले का?" साहेबांनी विचारलं.

"एकही नाही."

"मग झालं तर! प्रामाणिक आलेख आहे."

पण आता डोंगराचा सुळका थेट पुढे आला. तो कुणाचा, असं कुणीतरी विचारलं. ताईंनी पाहून सांगितलं, "टाकीजवळची अधिकारी वसाहत. बागेला पाणी घालायची वेळ."

साहेबांना खोकला आला. तो थांबेपर्यंत कोन समिती नेमली गेली होती.

समितीनं आलेख सर्व दिशांनी फिरवला. सुळका लपवावा तर खड्डा दिसे, खड्डा लपवावा तर सुळका. अखेर अहवाल आला: 'कोणत्याही बाजूने पाहिले असता काही ना काही दिसते, सबब बाजूने पाहू नये.' मान्यताप्राप्त कोन ठरला तो थेट माथ्यावरचा. तिथून सगळा डोंगर म्हणजे एक निळा चौकोन दिसत होता. 'दाब सर्वत्र समान आढळतो. पंपाची आवश्यकता नाही.'

"साहेब, निदान यात रंग परत घातला तर..."

"ताई, तुमची आत्या तिथे राहते ना? मग तुम्ही निःपक्षपाती कशा?"

साहेब स्वतः अधिकारी वसाहतीत राहत. पण त्यांना निःपक्षपातीपणा पदाबरोबरच मिळाला होता.

ताई हटल्या नाहीत. तेव्हा साहेब उदार झाले. "जनताच ठरवू दे," म्हणाले. तिन्ही आलेख सभागृहात टांगले: रंगीत पट, डोंगर आणि निळा चौकोन. मतदान सकाळी. त्याच वेळी शेवटची गल्ली टँकरपुढे रांगेत उभी होती.

"आमचंही मत तूच दे गं," आत्या आदल्या दिवशीच फोनवर म्हणाली होती. "मला बादली सोडून हलता येत नाही."

नियमानं ताईंना एकच मत होतं. निळा चौकोन प्रचंड बहुमतानं निवडून आला. 'किती स्वच्छ!' 'डोक्याला ताप नाही!' असे अभिप्राय मिळाले. पंपाचा प्रस्ताव कायमचा बंद झाला.

मत देणारे कुणी वाईट नव्हते. न्हाऊन-धुऊन, इस्त्रीचे कपडे घालून वेळात वेळ काढून आलेले सज्जन होते. त्यांतल्याच एका गृहस्थांनी निघताना ताईंना आपुलकीनं विचारलं, "तो पहिला कागद छान होता हो. पण त्यावरचा लाल डाग धुऊन निघाला नसता का?"

हे गृहस्थ कोण, ते मला विचारू नका. तुम्हीही आज आंघोळ करूनच हे वाचायला बसला आहात.