राजय्या मास्तरांचे दोन कोटी चौकोन

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, दुकानाच्या मालकांना नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवी होती त्या राजय्या मास्तरांना तर नाहीच. नवी पेठेतल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात मी बावीस वर्षं काउंटरमागे उभा आहे. काउंटरमागचा माणूस थोडंफार खोटं बोलतोच. "शेवटचाच नग राहिलाय" हे मी इतक्या वेळा म्हटलंय, की आता ते नमस्कारासारखं तोंडातून जातं. पण मास्तरांशी मी बोललो ते खोटं वेगळं होतं. काहीतरी खपवायचं म्हणून ते बोललो नव्हतो. एक वस्तू खपू नये म्हणून बोललो होतो. ते सांगतोच, पण आधी मास्तर सांगितले पाहिजेत.

मास्तर पहिल्यांदा आले ते काखेत चादर घेऊन. सोलापुरात हे दृश्य रोजचं. मी मान वर न करताच म्हणालो, "नको आम्हाला चादर."

"विकत न्हाय. फोटो काढायचाय."

"चादरीचा?"

"माणसाचा. पण माणूस हलतंय की. आधी चादरीवर बघू."

असं म्हणून त्यांनी ती चादर दुकानाच्या काचेच्या दारावर आडवी टांगली. बाहेरच्या लोकांना वाटलं दुकान बंद झालं. दोन गिऱ्हाइकं पायरीवरून परत गेली. मास्तरांनी कॅमेरा मागून घेतला, चादरीच्या मोराचा फोटो काढला, खिशातून धागे मोजायचं पितळी भिंग काढलं आणि ते कॅमेऱ्याच्या पडद्यावर ठेवून मोराची मान मोजायला लागले. मालक गल्ल्यावरून उठून आले. मास्तरांनी त्यांना बोटानं थांबवलं. मोजणी चालू असताना कुणी बोललेलं त्यांना खपत नसे.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. पूर्व भागातल्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात ते नक्षा काढायचे. चादरीवरचा मोर किंवा भिंतीवर टांगायच्या विणलेल्या चित्रातला देव आधी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढावा लागतो. एक चौकोन म्हणजे एका धाग्याची जागा. त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडतात आणि ते पत्ते मागाला सांगतात, कुठला धागा वर आणि कुठला खाली. चाळीस वर्षं हे केल्यावर मास्तरांना सगळं जग चौकोनातच दिसायला लागलं होतं. कारखान्यात संगणक आला तरी त्यावर निघालेला नक्षा मास्तर पेन्सिल घेऊन तपासायचे आणि चुका काढायचेच. आमच्या दुकानातल्या कॅलेंडरवरच्या गणपतीकडे बघून म्हणाले, "डावा कान दीड चौकोन खाली आलाय." एका लग्नात त्यांनी स्टेजवर जाऊन नवरदेवाला सांगितलं होतं, "मिशी उजवीकडं दोन चौकोन जास्त हाय, कापून घ्या." तिथून त्यांना जेवण न करता परत यावं लागलं, हे त्यांनीच मला कौतुकानं सांगितलं.

कुणी काही ठामपणे बोललं, की मास्तर चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "डोळ्याचं सांगू नका. डोळा लबाड हाय. चौकोनाचं सांगा."

"मोबाइलवर काढा की फोटो, मास्तर," मी पहिल्याच दिवशी म्हणालो. हल्ली आलेल्या प्रत्येकाला हे मनातल्या मनात म्हणावंसं वाटतं. छोटे कॅमेरे घ्यायला येतं कोण?

"मोबाइल लई शहाणा हाय. आपल्याला न विचारता माणसाला गोरं करतंय. आमची गोरी न्हाय."

आमची म्हणजे त्यांच्या पत्नी, लक्ष्मीबाई. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांचा एकच धड फोटो होता, आधार कार्डावरचा. "त्यात ती पाकीट मारताना सापडल्यागत दिसती," असं मास्तर म्हणायचे. मास्तरांना त्यांचं चित्र विणायचं होतं. देवादिकांचे, पुढाऱ्यांचे, परक्यांच्या आईबापांचे नक्षे त्यांनी काढले होते, घरच्या माणसाचा एकही नव्हता. त्यासाठी हा कॅमेरा.

खिशात मावणारे असे दोनच कॅमेरे आमच्या कपाटात उरले होते. एकाला प्रचंड झूम. समोरच्या इमारतीवरच्या कबुतराचा डोळा दिसायचा. पण आतला सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी काच म्हणा, तूरडाळीच्या दाण्याएवढी. दुसऱ्याला झूम नावापुरतं, पण सेन्सर चांगला करंगळीच्या नखाएवढा. मास्तरांनी या मापांचे दोन कागदाचे तुकडे कापले आणि शर्टाच्या खिशात ठेवले. पुढचे चार महिने ते सुट्टीच्या दिवशी दुकानात यायचे, काउंटरवर तुकडे मांडायचे आणि आमची उलटतपासणी सुरू व्हायची.

"ह्यात चौकोन किती?"

"दोन कोटी."

"आणि ह्या नखात?"

"त्यातही दोन कोटीच."

मास्तरांनी डाळीएवढा कागद भिंगाखाली धरला. "म्हणजे तीन शिटाच्या रिक्षात बारा माणसं कोंबली म्हणा की. आणि ह्यात तीच बारा माणसं टेम्पोत."

बावीस वर्षांत मला हे इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं. मी म्हणालो, "अगदी बरोबर. उजेड भरपूर असला तर काही कळत नाही. उजेड कमी झाला की डाळीतली माणसं एकमेकांवर पडायला लागतात."

"पडली म्हणजे?"

"फोटोत घाण येते."

हे मी त्यांना सांगितलं होतं. एवढं तरी खरं बोललो होतो. फक्त घाण कशी दिसते ते दाखवलं नाही.

शेवटी एकदा मी विचारलं, "पण फोटो कुठून काढणार आहात? घरात समोर बसवून काढायचा असेल तर झूम कशाला लागतंय?"

मास्तरांनी भिंग पुसलं, खिशात ठेवलं, परत काढलं. मग जे सांगितलं ते असं. कारखाना त्यांच्या घरासमोरच, गल्लीच्या पलीकडे. मास्तर वरच्या मजल्यावर खिडकीशी बसून नक्षे काढायचे. लक्ष्मीबाई विड्या वळायच्या, मांडीवर सूप घेऊन, दारात उंबऱ्यापाशी. दिवे लागायच्या आधी अर्धा तास त्यांचं काम संपत आलेलं असायचं. मग त्या सूप बाजूला सारायच्या, भिंतीला टेकायच्या आणि काहीतरी गुणगुणत नुसत्या बसायच्या. बत्तीस वर्षं मास्तर वरून हे बघत आले होते. आता दिवाळीनंतर ते निवृत्त होणार होते.

"मग बरंच की," मी म्हणालो, "दिवसभर घरीच समोर बसतील."

"तसं न्हाय सर. मी घरात पाय ठेवला की ती उठती. चहा करती, पाणी देती, पदर सारखा करती. मी असताना ती तशी बसतच न्हाय. खिडकी गेली की संपलं."

आता माझं कर्तव्य काय होतं ते मला त्याच क्षणी माहीत होतं. गल्लीच्या पलीकडून, संध्याकाळच्या उजेडात, डाळीएवढ्या सेन्सरनं काही धड येणार नाही. "मोठ्या सेन्सरचा घ्या, घरी जा, त्यांच्याजवळ बसा आणि चार दिवस त्यांना तुमची सवय होऊ द्या," असं सांगायला हवं होतं. मास्तरांचा हात नखाच्या कागदावर होता. ते तोच घेणार होते.

पण तो कॅमेरा मला हवा होता. वर्षभर मी तो कपाटात मागच्या बाजूला सरकवून ठेवत होतो. मालक म्हणाले होते, दिवाळीपर्यंत गेला नाही तर तू घेऊन जा, पैशाचं जमेल तसं बघू. मी आयुष्यभर दुसऱ्यांना कॅमेरे दाखवले, माझा असा एकही नव्हता. मी नखाचा कागद हळूच बाजूला केला आणि म्हणालो, "ह्या झूमवाल्यात अंधारातलंही चांगलं येतं, मास्तर. मी स्वतः वापरून पाहिलाय."

मास्तर म्हणाले, "तुमी म्हणता म्हणजे झालं."

चार महिने प्रत्येक गोष्ट भिंगातून मोजणाऱ्या माणसानं ही एक गोष्ट मोजली नाही.

मोठ्या सेन्सरचा कॅमेरा दिवाळीत माझ्या घरी आला. त्यावर मी सिद्धेश्वर तलावाचे अकरा आणि बायकोच्या शेंगापोळीचे दोन फोटो काढले. तेव्हापासून तो कपाटात आहे.

त्यानंतर पाच-सहा महिने मास्तर दिसले नाहीत. मला बरं वाटायचं आणि बरं वाटतंय याचं वाईट वाटायचं. मग एक दिवस ते दुकानात आले, चादर नव्हती, चेहरा फुललेला. "चला घरी. चित्र झालंय. तुमी दिलेल्या कॅमेऱ्याचं हाय, तुमी बघायलाच पायजे."

घर दोन खोल्यांचं. समोरच्या भिंतीवर चित्र टांगलेलं. मी आजवर इतकं सुंदर विणकाम पाहिलेलं नाही. भिंतीला टेकलेली बाई, मांडीजवळ सूप, मान किंचित कलती, ओठ काहीतरी म्हणत असलेले. आणि गालावर, कपाळावर, गळ्यावर सगळीकडे लाल, हिरवे, निळसर ठिपके.

मला ते काय आहे हे दारातूनच कळलं. सेन्सरला उजेड पुरला नाही, की तो असे रंगाचे खोटे ठिपके पेरतो. दुसऱ्या कुणीही ते पुसले असते. मास्तरांनी फोटो मोठा करून घेतला होता, त्यावर चौकोन आखले होते, आणि प्रत्येक ठिपका मोजून, रंग जुळवून, धाग्यात उतरवला होता.

"बत्तीस वर्षं बघितलं सर," ते म्हणाले, "पण डोळ्यानं. चौकोनानं आत्ता बघितलं. हा लाल बगा, हा कुंकवाचा असंल. हिरवं हितलं, ते विडीच्या पानाचं. गालाला हात लागत असतील की दिवसभर. एवढं सगळं हिच्या तोंडावर होतं आणि मला कळलं न्हाय." आवाजात असं काही कौतुक होतं, की मी चपला घालायला वाकलो आणि तसाच राहिलो.

आतून लक्ष्मीबाई चहा घेऊन आल्या. पदर डोक्यावरून गालापर्यंत ओढून एका हातानं धरलेला.

"तुमीच का ते कॅमेऱ्याचे?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणालो.

"मग तुमाला कळत असंल. हे कवापासनं आलं असंल? डॉक्टरकडं जाऊन आले मी. त्यो म्हणतोय काय बी न्हाय. मलम बी देईना. पण त्याला नुसतं डोळ्यानं दिसणार की. मशिनीत आलंय ते खोटं कसं असंल?"

"अगं, चांगलं हाय ते," मास्तर म्हणाले.

"तुमाला चांगलं हाय. गल्लीतल्या बायका बघून जात्यात तेवढ्यासाठी. परवा ती कोपऱ्यावरची म्हणते, लक्ष्मीक्का, गोवर उठला होता का. हळद लावून लावून तोंड पिवळं झालंय, ते जात न्हाय."

दोघंही माझ्याकडे बघत होते. मी चहाचा कप उचलला आणि म्हणालो, "चहा फार छान झालाय."

मास्तर मला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत आले. निवृत्त झाले असले तरी कारखान्याच्या मालकांनी त्यांना नक्षे तपासायला रोज दोन तास बोलावलं होतं, तीच खिडकी दिली होती. मी म्हणालो, "म्हणजे खिडकी राहिली."

"खिडकी राहिली," ते म्हणाले. थोडं चालल्यावर म्हणाले, "आता ती दारात बसत न्हाय. आतल्या खोलीत बसती, पाठ करून. म्हणती उजेडात तोंड दिसतंय. वरनं नुसतं दार दिसतं." मग एकदम नेहमीच्या आवाजात, "रिक्षा हितंच मिळंल तुमाला. नवी पेठेला वीसच्यावर देऊ नका."

त्याला आता दीड वर्ष झालं. मास्तर अधूनमधून दुकानात येतात. मी चहा मागवतो, कपाटातलं काहीतरी काढून पुसत बसतो, आणि ते गेल्यावर स्वतःला सांगतो, पुढच्या वेळी नक्की. एकदा त्यांच्या गल्लीपर्यंत गेलोही होतो. दार उघडं होतं, उंबऱ्यापाशी कुणी नव्हतं, मी तसाच परत आलो. मास्तरांना सांगितलं तर त्यांच्या त्या ठिपक्यांचं काय होईल, याची मला भीती वाटते. पण हीदेखील सबबच आहे. आधी सांगायला हवं ते मास्तरांना नाहीच.

लक्ष्मीबाईंसमोर उभं राहून, "तुमच्या चेहऱ्यावर काही नव्हतं आणि आत्ताही नाही, ते ठिपके कॅमेऱ्याचे आहेत, आणि तो कॅमेरा मी खोटं बोलून दिला होता," एवढं सांगायचं माझं राहिलेलं आहे.