मधल्या खोलीचा पंचनामा

दुपारी ठीक तीन वाजता शिंपीमास्तर आपली मोठी कात्री आणण्यासाठी मधल्या खोलीच्या उंबरठ्यावर आले आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. खोली स्वच्छ होती.

"अगं, इथली चोरी कुठे गेली?" त्यांनी हाक मारली.

"आवरली," स्वयंपाकघरातून उत्तर आले.

या प्रसंगाचा उलगडा व्हावा म्हणून येथे थोडे मागे जाणे प्राप्त आहे. मास्तरांची कन्या फौजदारी न्यायव्यवस्था या विषयाच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकत होती. मुलगी काय शिकते, असे एका गिऱ्हाइकाने पूर्वी विचारले असता मास्तरांनी अभिमानाने "गुन्हेगारी!" असे उत्तर दिले होते आणि ते गिऱ्हाईक शिवायला टाकलेले कापड घेऊन निघून गेले होते. तेव्हापासून मास्तरांनी पदवीचे संपूर्ण नाव पाठ केले होते. त्या दिवशी कन्येची प्रात्यक्षिक परीक्षा होती. त्यासाठी तिने सकाळीच मधल्या खोलीत एक लुटुपुटूची चोरी मांडून ठेवली होती. खुर्ची उलथलेली, खिडकीपाशी चिखलाचे एक पाऊल, पाच तुकडे झालेला कप, कपाटाच्या फटीत अडकलेला एक केस आणि कुलूप उचकटण्याचे हत्यार म्हणून पलंगाखाली मास्तरांची मोठी कात्री, असा सारा सरंजाम होता.

"कुणीही आत पाऊल टाकायचं नाही," जाताना तिने बजावले होते. "मी चार वाजता सरांना घेऊन येते. यात नापास झाले तर वर्ष गेलं."

कन्येचे वर्ष आणि वकीलसाहेबांचा काळा कोट, या दोन चिंतांच्या कात्रीत मास्तर सकाळपासून सापडले होते. कोट त्याच सायंकाळी द्यावयाचा होता आणि उजवी बाही कापणे राहिले होते. सबब, कात्री दोन मिनिटांपुरती हळूच उचलावी व गुपचूप परत ठेवावी, असा नियमबाह्य विचार मनात धरूनच ते आले होते. आता तो विचारही लाजून पळाला.

पत्नी हात पुसत बाहेर आली.

"तुला हात लावू नको म्हणाली होती ना ती?"

"सर येणार असंही म्हणाली होती! परका माणूस खोली बघायला येणार आणि मी खुर्ची उलथी ठेवू? काय म्हणेल तो?"

"अगं, तो खुर्चीच बघायला येतोय!"

"मग बघू दे की. सरळ केलीय."

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. कप कचऱ्याच्या गाडीत गेला होता, पाऊल फिनेलने पुसले गेले होते, केस झाडूने नेला होता. कात्री मात्र धुऊन, पुसून खुंटीला टांगलेली होती. घड्याळात सव्वातीन वाजत होते.

तथापि, मास्तर हार मानणाऱ्यांपैकी नव्हते. आयुष्यभर लोकांच्या छातीची मापे ज्याने तोंडपाठ ठेवली, त्याला एका खोलीचे माप काय जड? त्यांनी गळ्यातील टेप काढली, कानावरचा खडू घेतला आणि आठवणीने जमिनीवर खुणा करण्यास आरंभ केला. खुर्ची भिंतीपासून साडेअठरा इंच. कात्री पलंगाखाली नऊ इंच आत. कुंडीतील माती कालवून त्यांनी आपल्याच चपलेचे पाऊल खिडकीपाशी उमटविले.

"आता कप दे."

"चांगल्या सेटमधला? मुळीच देणार नाही!"

"पोरीचं वर्ष जाईल!"

पत्नीने कप असा दिला, जणू काळजाचा तुकडाच काढून दिला. मास्तरांनी तो खाली सोडला. कप टणकन उडाला आणि पलंगाखाली जाऊन सुखरूप बसला. दुसऱ्या वेळी त्याचा केवळ कान तुटला.

"बघा, फुटायचंही नाही त्याच्या मनात," पत्नी म्हणाली.

"पाच तुकडे हवेत, पाच!" असे म्हणत मास्तरांनी त्यावर इस्त्री आपटली. अकरा झाले. सहा तुकडे खिशात घालून त्यांनी उरलेले पाच यथास्थित मांडले.

राहिला केस. वेळ थोडा उरला होता. मास्तरांनी डोळे मिटून स्वतःचाच एक केस उपटला आणि कपाटाच्या फटीत अडकविला. इतक्यात दारावर टकटक झाली.

प्राध्यापक भिंग घेऊन आत आले. कन्या वही घेऊन मागे उभी राहिली. मास्तर व त्यांची पत्नी उंबरठ्यावर श्वास रोखून होते.

"चोर पन्नाशीचा आहे," पावलावर ओणवे होत प्राध्यापक म्हणाले. "चप्पल टाचेशी नाही, पंज्याशी झिजलीय. पायाने मशीन चालवणारा माणूस दिसतो."

मास्तरांनी चप्पल हळूच काढून पायाने मागे सारली.

"खडूच्या खुणा. अंतरं अर्ध्या इंचापर्यंत चोख. वा! आणि हा केस... मुळाशी पांढरा, टोकाला काळा. कलप लावतो."

"काय?" पत्नी कडाडली. "आमच्या घराण्यात केस पिकतच नाहीत, असं म्हणत होतात ना हो?"

"आता हा विषय काढायचा का?" मास्तर कुजबुजले.

"आणि फिनेलचा वास येतोय," प्राध्यापक पुढे म्हणाले. "चोर कधी फरशी पुसून जात नाही. म्हणजे एक साथीदार बाई आहे."

मास्तरांचा धीर सुटला. ते हात जोडून पुढे झाले. "साहेब, पोरीचं वर्ष घालवू नका. तिनं सगळं नीट मांडलं होतं. हे सगळं मी केलंय."

"त्यांनी नाही, मी केलंय!" पत्नी म्हणाली. "मी आवरलं. ते निस्तरत होते, तेही धड जमलं नाही."

प्राध्यापकांनी शांतपणे खिशातून एक लिफाफा काढला. "हा तुमच्या मुलीनं काल कॉलेजात सील करून दिला होता." त्यांनी तो फोडून मोठ्याने वाचला. "'विषय : घटनास्थळ सुरक्षित का राहत नाही. माझा अंदाज : सर येणार म्हटलं की आई खोली पुसून काढील. बाबा कात्री चोरायला जातील, घाबरतील आणि सगळं पुन्हा मांडत बसतील. चांगल्या सेटमधला एक कप फुटेल. विचारण्याआधीच दोघं कबुली देतील.'"

"केस कुणाचा असेल हे मात्र लिहिलेलं नाही," प्राध्यापक म्हणाले. "त्याचा एक गुण कापावा लागेल."

"सर, कलपाचं मलाही माहीत नव्हतं," कन्या म्हणाली.

"कार्टे, म्हणजे तू मुद्दाम केलंस?" मास्तर गरजले.

"मी काय केलं, बाबा? मी तर हात लावू नका म्हणाले होते."

मास्तरांना आणखी संताप याचा आला, की मुद्देमाल म्हणून कात्री निकाल लागेपर्यंत पिशवीत सीलबंद होऊन प्राध्यापकांबरोबर गेली.

सायंकाळी वकीलसाहेब आले. एका बाहीचा कोट हाती धरून त्यांनी सारी हकिकत प्रारंभापासून ऐकली आणि ते हळहळले.

"मास्तर, वकील समोर नसताना तुम्ही कबुलीच कशी दिलीत?"

"वकील कुठून आणणार, साहेब?" मास्तर वैतागून म्हणाले. "त्यांचा कोट माझ्याकडे अडकला होता ना!"