जगासाठी वांगे सोडणारे दिगंबरकाका

जगात कोठेही युद्ध पेटले, की आमच्या शेजारचे दिगंबरकाका वांगे सोडत.

वास्तविक काका कट्टर नास्तिक. चातुर्मासात काकू कांदा-लसूण-वांगे वर्ज्य करीत, तेव्हा "देवाला वांग्याचं काय वावडं?" असे ते भर पंगतीत विचारीत. परंतु एखाद्या बलाढ्य देशाने दुबळ्या देशावर बॉम्ब टाकला, की ताटातले भरले वांगे बाजूला सारून स्वतःच जाहीर करीत, "सैन्य मागे घेईपर्यंत बंद!" जगाची एकंदर वागणूक पाहता काकांच्या वाट्याला वांगे क्वचितच येई. काकू म्हणत, "माझा चातुर्मास निदान चार महिन्यांत आटोपतो."

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत त्यांचा दिवस वर्तमानपत्राशी भांडण्याने सुरू होई. कोणत्याही देशाचा राष्ट्राध्यक्ष त्यांच्या लेखी केवळ भाडेकरू. "जागा जनतेची. नीट राहत नसेल, तर सामान बाहेर!" संयुक्त राष्ट्रसंघ म्हणजे आमच्या सोसायटीची वार्षिक सभा: "ठराव मंजूर, टाकी गळतेच." हुंडा, राखीव जागा, देवळांची श्रीमंती, सर्व विषयांवर निकाल तयार असत आणि ते जिन्यात ऐकवले जात.

मी तेव्हा पदार्थविज्ञानात एम. एस्सी. करीत होते. एका नमुन्यावरून साऱ्या विश्वाचा निष्कर्ष काढण्याची काकांची पद्धत माझ्या अभ्यासक्रमात बसत नव्हती. पण वाद घालण्यापेक्षा "हो, काका" म्हणून दोन-दोन पायऱ्या उतरणे मला किफायतशीर वाटे. सोसायटीतल्या बहुतेकांचा हिशेब हाच होता.

अपवाद तळमजल्यावरच्या सोपानतात्यांचा. आमची इमारत उभी आहे तेथे पूर्वी त्यांच्या घरची ज्वारी होत असे. गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर टोपी, आणि काकांच्या प्रत्येक वाक्याला हरकत.

"आवं दिगंबरराव, तुमी वांगं सोडल्यालं त्या गोऱ्याला कुणी कळवलंय का?"

"तुम्ही एकादशी करता, ते देवाला कोण कळवतं?"

"त्यो वरनं बगतो."

"मग हाही वरून बघतो. उपग्रह आहेत त्याच्याकडे."

फाटकाजवळच्या सिमेंटच्या बाकावर हे रोज संध्याकाळी चाले. दोन्ही घरची जेवणे निवत, पण वाद निवत नसे. आता मी खराडीच्या ज्या कार्यालयात काम करते, तेथे कोणी कोणाला चूक म्हणत नाही. "चांगला मुद्दा आहे," असे म्हणून सारे तो मुद्दा तेथेच सोडून पुढे जातात. अशा बैठकीत कधीकधी मला ते बाक आठवते आणि विनाकारण भूक लागते.

एका हिवाळ्यात तात्यांना अर्धांगाचा झटका आला. हात हळूहळू हलू लागला, पण वाचा गेली. डॉक्टरांनी बजावले होते, की बोलण्याची धडपड त्यांनी स्वतःच केली पाहिजे आणि ती लवकर केली पाहिजे; नाहीतर शब्द परतणे अवघड. घरची माणसे मात्र इतकी मायाळू, की तात्यांनी ओठ हलवण्यापूर्वीच पाणी येई, पांघरूण येई, उशी सरळ होई. भेटायला येणारे सगळे गोड बोलत. तात्या भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले.

दिगंबरकाका रोज दुपारी त्यांच्याकडे जात. एका सुटीच्या दिवशी आईने दिलेला डबा घेऊन मी गेले, तेव्हा काका खाटेशेजारी खुर्ची ओढून बसले होते.

"तात्या, माझी मतं ऐकून तुम्हाला कंटाळा आलेला दिसतो. आजपासून तुमची बाजू मीच मांडणार. विषय: देव."

तात्यांचा मूळ मुद्दा साऱ्या सोसायटीला पाठ होता. पेरलेल्या रानात रात्री एकट्याने उभे राहावे, आणि मग देव आहे की नाही ते सांगावे.

"तर तात्यांचं म्हणणं असं," काका गंभीरपणे म्हणाले, "की माणसानं पोटभर जेवावं, पंख्याखाली लोळावं, म्हणजे देव दिसतो. पेरणीबिरणीची गरज नाही. देव मुळात आळशी लोकांसाठीच आहे."

तात्यांची मान भिंतीकडून वळली. कपाळावर आठी होती.

स्वयंपाकघरातून त्यांच्या सूनबाई सुमनवहिनी बाहेर आल्या. "काका, आजारी माणसाला कशाला चिडवता? उद्यापासून नाही आलात तरी चालंल."

काकांचा चेहरा एकदम लहान झाला. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घालायचा प्रयत्न केला. ती नीट बसेना. ते उठले, दारापर्यंत गेले, आणि तेथून, मागे न वळता, म्हणाले, "बरं. मग ठरलं तर. देव पंख्याखाली."

खाटेवरून एक खरखरीत आवाज आला. तात्यांचा गळा ताणला गेला होता.

"रा… रानात! येड्या!"

आयुष्यभर 'दिगंबरराव' म्हणणारा माणूस!

"पंख्याखाली," काका म्हणाले.

"रानात!"

सुमनवहिनींनी पदर तोंडाशी धरला. मग स्वतःच खुर्ची पुढे सरकवली. "बसा, काका. चहा टाकते."

परतताना जिन्याच्या मध्यावर काका थांबले. मला वाटले, दम लागला असावा. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याने पुसला, पुन्हा पुसला.

"उद्या त्यांची कोणती बाजू बिघडवावी, याचा विचार करतोय," ते म्हणाले. मग चष्मा उजेडाकडे धरून, "शास्त्रज्ञबाई, आमचे चिरंजीव परदेशातून दर रविवारी फोन करतात. मी काहीही बोललो तरी म्हणतात, 'बरोबर आहे, बाबा.' फोन फार लवकर संपतो हो."

त्यांनी चष्मा चढवला, घसा खाकरला आणि नेहमीच्या स्वरात सुरू केले, "पण एक लक्षात ठेवा, ही सगळी युद्धं शेवटी तुमच्या विज्ञानानंच आणली आहेत."

माझा पाय सवयीने पुढच्या पायरीवर गेला होता. तो मी मागे घेतला.

"मला नाही पटत, काका."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले. मग गुडघ्यावर हात टेकून ते सावकाश पायरीवर बसले आणि शेजारची धूळ हाताने झाडली.

"बसा," ते म्हणाले. "आणि मुद्देसूद सांगा. मला घाई नाही."