संगणकाने डाव सोडला

"चहा होईपर्यंत तुमचा कॉम्प्युटर नवाकोरा करून देतो, बाबा!" जावयाने बाह्या सरसावल्या.

"चालतंय ते चालू दे ना रे," बायको आतून म्हणाली. पण सासुरवाडीत हुशारी दाखवायची संधी कोण सोडतो! त्याने सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवली.

चहा झाला, निवलाही. सासूबाईंनी नातीचे फोटो उघडले, तर नात दिसायच्या आत प्रोग्रॅम बंद! मांडीला मांडी लावून बसलेल्या प्रिंटरला कॉम्प्युटर ओळखच दाखवेना! जावयाने घाम गाळून दोन्ही ताळ्यावर आणले.

एवढ्यात सासरे ओरडले, "पळालं!"

सासरे कॉम्प्युटरशी बुद्धिबळ खेळत. रोज हरत आणि रोज त्याचा उद्धार करत. आज त्यांनी वजीर पुढे सरकवला आणि पट, सोंगट्या, सगळं गडप!

"बाबा, क्रॅश झालं ते."

"क्रॅश कसलं? माझा वजीर बघून शेपूट घातली!"

पुन्हा डाव मांडला. वजीर हलला, कॉम्प्युटर पुन्हा पळाला! सासऱ्यांनी साक्षीला खालच्या मजल्यावरच्या निवृत्त न्यायाधीशांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून सगळा प्रकार पाहिला.

"प्रतिपक्ष सुनावणी अर्धवट टाकून निघून गेला. निकाल तुमच्या बाजूने!"

सासऱ्यांची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण आता उडतंय की मग! सासूबाईंकडे पाहून ते चक्क हसले.

इकडे जावयाचा जीव टांगणीला. घरातला एक प्रोग्रॅम बंद पडतोय म्हणजे त्याचंच नाक कापलं जातंय! त्याने तो काढला, पुन्हा टाकला, तरी तेच. शेवटी एक सोय हाती लागली. आपण अजून जुन्याच सिस्टिमवर आहोत, असं त्या जुन्या प्रोग्रॅमला भासवायचं!

"सापडलं! खेळा बाबा. आता नाही पळायचं!"

नाही पळाला. सासऱ्यांचा वजीर ऐटीत पुढे गेला. कॉम्प्युटरच्या घोड्याने तो मुकाट गिळला. मग शह, पुन्हा शह आणि मात!

न्यायाधीशांनी चष्मा पुसला. "वरच्या कोर्टात जाता येईल," असं पुटपुटत ते खालच्या मजल्यावर निघून गेले. सासरे भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

सासूबाईंनी जावयाला बाजूला घेतलं.

"जावईबापू, तुम्ही घरचे, म्हणून सांगते. आज किती दिवसांनी ते हसले होते! ते बुद्धिबळ... पुन्हा बिघडवता येईल का?"

"हात्तिच्या! आत्ता बिघडवतो!"

केलेली सोय त्याने काढून टाकली. प्रोग्रॅम चालूच! भलतीसलती बटणं दाबली, मधेच वायर उपटली, पुन्हा सुरू केलं. प्रोग्रॅम आपला हसतखेळत हजर! आता बंद पडेल, मग बंद पडेल, या आशेवर जावई स्वतःच एक डाव खेळायला बसला.

सासऱ्यांपेक्षाही लवकर हरला.