तेरा कोंबड्यांची हळद

"तुम्ही ठरवा. ह्या घरात एक तर ती सात राहतील, नाही तर मी."

ओदेलू शिंप्यानं मशीन थांबवलं आणि बायकोकडं पाहिलं. मग पायाशी ठेवलेल्या खोक्याकडं पाहिलं. आणि विचार करायला त्यानं जरा जास्तच वेळ घेतला.

"विचार करताय?" राजव्वा कडाडली. विड्या वळायचं सूप तिनं आपटलंच.

"तसं नाही गं. अजून लहान आहेत, एवढंच म्हणतोय."

"दीड महिना झाला! माझ्या बहिणीचा नातू दीड महिन्यात मामाच्या गावाला जाऊन आला."

झालं होतं असं, की राजव्वाची खुडूक कोंबडी सात पिल्लं काढून चौथ्याच दिवशी मुंगसाच्या तोंडी गेली. पिल्लं खुराड्याशी चिवचिवत बसलेली. ओदेलूनं ती उचलली, चिंध्यांच्या खोक्यात ठेवली, वर साठचा बल्ब टांगला. "दोनच दिवस," म्हणाला. त्या दोन दिवसांत पिल्लं त्यालाच आई समजायला लागली. तो संडासला निघाला की सातही मागं ओळीनं. परत आला की सातही परत. सगळ्यात बारकं होतं त्याचं नाव त्यानं बटण ठेवलं. ते मशीनच्या पायडलवरच झोपायचं, म्हणून ओदेलू हलक्या पायानं शिवायचा, म्हणजे जवळजवळ शिवायचाच नाही. सरपंचबाईंच्या ब्लाउजवर एकानं शिटून ठेवलं तेव्हा "डिझाइन आहे" असं सांगून बघितलं त्यानं. चाललं नाही.

तर त्या शुक्रवारी राजव्वा विड्या द्यायला केंद्रावर गेली आणि ओदेलूनं छातीवर दगड ठेवून सातही पिल्लं अंगणात सोडली.

अंगणात राजव्वाच्या पाच कोंबड्या आणि एक कोंबडा. पाचांची पुढारी होती दोरसानी. गढीवरच्या जमीनदारणीसारखी मान वर करून चालायची, म्हणून राजव्वानंच हे नाव ठेवलेलं. दोरसानीनं पिल्लांकडं एक डोळा करून पाहिलं. मग दुसरा डोळा करून पाहिलं. आणि सरळ जाऊन बटणाच्या डोक्यात चोच हाणली.

"ए! ए बाई! लेकरू आहे ते!" ओदेलू टेप गळ्यात तसाच ठेवून धावला.

बटणाच्या डोक्यावर टक्कल पडलं होतं, रक्त आलं होतं. ओदेलू त्याला मांडीवर घेऊन ओट्यावर कितीतरी वेळ बसला. विड्यांचा गठ्ठा देऊन राजव्वा परत आली, तिनं हे पाहिलं आणि आत गेली. मग ओदेलूनं हळद कालवली आणि जखमेवर जाड लेप दिला.

शनिवारी सकाळी राजव्वा शेतावर निंदायला गेल्यावर ओदेलूनं पुन्हा पिल्लं सोडली. आता नवीनच तऱ्हा. बाकी सहांना कुणी विचारेना, आणि बटणाचं पिवळं डोकं दिसलं की पाचही कोंबड्या आणि कोंबडासुद्धा तुटून पडायचे.

ओदेलूनं डोकं चालवलं. हे वेगळं दिसतं म्हणून मार खातं. सगळीच सारखी दिसली तर? त्यानं उरलेल्या सहांनाही हळद लावली. झालं, आता सातही मार खायला लागली.

मग त्यानं पुन्हा डोकं चालवलं. इथंच थांबायला हवं होतं, पण शिंप्याचं डोकं. एक बाही आखूड झाली की तो दुसरीही आखूड करणार. राजव्वानं वर्षाची म्हणून भरून ठेवलेली दीड किलो हळद त्यानं घमेल्यात ओतली, आणि पाच कोंबड्या अन् कोंबडा धरून धरून, चोची खात, पार शेपटीपर्यंत माखून काढले.

आणि खरंच सांगतो, अंगण गपगार झालं. तेरा पिवळे जीव एकमेकांकडं बघत उभे. कोण कोणाचं कळेना. कोंबडा आरवायला गेला आणि अर्ध्यातच थांबला. खुद्द दोरसानी आपण दोरसानी आहोत का, ह्या विचारात पडलेली. थोड्या वेळानं तेराही जण कणी टिपायला लागले. शेजारी शेजारी. बटण दोरसानीच्या पायाशी.

ओदेलूच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात कुंपणावरून ताडीवाला मल्लेश गौड डोकावला.

"अण्णा... तेरा?"

"तेरा. सगळे एकत्र! बघितलंस?"

"बघितलं ना." मल्लेशनं हात जोडले. "लोक एक देतात रे. फार तर दोन. तू तेरा!"

 त्या गावात कोंबडीच्या अंगावर हळद दिसली की तिचा अर्थ एकच. कोंबडी नवसाची, गावदेवी पोचम्माची झाली. रविवारी देवीपुढं कापायची, आणि गावानं जेवायची. आणि उद्याच रविवार.

"अरे, ही औषधाची हळद!"

"शेपटीला पण?" मल्लेश म्हणाला आणि गेला. गेला तो थेट पाराकडं.

दुपारपर्यंत गावाला सगळं कळलं होतं, ओदेलूला ठाऊक नव्हतं तेसुद्धा. कोण म्हणे ओदेलूच्या पोराला दुबईत मोठी नोकरी लागली, कोण म्हणे राजव्वाच्या भावाची जमिनीची केस सुटली. डफवाला येऊन विचारून गेला, "मामा, किती वाजता वाजवायचं?" समोरच्या घरातून मसाला वाटल्याचा वास यायला लागला. ओदेलू घाबरून बादली घेऊन बसला आणि कोंबडा धुवायला लागला. हळद निघेना. त्यात रस्त्यानं जाणारी म्हातारी किंचाळली, "देवीची हळद धुतोस? गावावर रोगराई आणतोस का मेल्या?"

कुणीतरी फोनही केला, आणि सहाच्या बसनं राजव्वाचा भाऊ उतरला. हातात दोन मोठी पातेली.

"ही कशाला?" राजव्वानं विचारलं. ती नुकतीच शेतावरून आली होती, अजून अंगणात पाहिलंही नव्हतं तिनं.

"तेरा कोंबड्या म्हणजे रस्सा उरणारच ना, अक्का. डबा कुठं पुरतो?"

राजव्वा अंगणात गेली. तेराही पिवळे जीव बघितले. "माझी हळद," एवढंच म्हणाली.

ओदेलूनं तिला सगळं सांगितलं. अडखळत, बटणाला शर्टात घालून. "तूच सांग, मी काय करू? देवीला नाही म्हटलं तर गाव सोडणार नाही. आणि हो म्हटलं तर... सातही मी हाक मारल्यावर येतात गं. सुरीपाशी पण येतील."

राजव्वानं पदर खोचला. चूल पेटवायला गेली.

रविवारी कडुलिंबाखाली पोचम्मापुढं चाळीसएक माणसं जमली. डफ कडाडत होता. ताडीचे घडे सावलीत मांडलेले. बारा कोंबड्या दोन डालग्यांत, आणि डालग्यांवर दोन्ही हात पसरून ओदेलू. तोंडाचा रंग कोंबड्यांसारखाच. देवीची पूजा करणारी कुंभारीण पोसव्वा पेद्दम्मा काठी टेकत पुढं आली, तिनं डफ थांबवला.

"सांग रे ओदेलू. नवस काय होता?"

ओदेलूनं तोंड उघडलं. शर्टातून बटण चिवचिवलं. त्यानं तोंड मिटलं.

"नवस माझा आहे, पेद्दम्मा," मागून राजव्वा म्हणाली. पदर खोचून पुढं आली.

"तुझा? काय बोलली होतीस?"

"नारळ."

 भावाच्या हातातलं पातेलं दगडावर आपटलं.

"नारळ आणि?" मल्लेशनं आशेनं विचारलं.

"नारळ आणि काही नाही." तिनं पिशवीतून नारळ काढला. "एक."

"आणि ही एवढी हळद, वहिनी?"

"हळद ह्यांनी लावली, चोच लागली म्हणून. शिंपी आहेत. एकाला ठिगळ लावलं की ह्यांना राहवत नाही."

सगळे पेद्दम्माकडं बघायला लागले. म्हातारीनं डालग्यांतल्या कोंबड्या पाहिल्या, त्यांच्यावर पसरलेले ओदेलूचे हात पाहिले, शर्टातून वर आलेलं एक टकलं डोकं पाहिलं.

"बोलली तेवढंच द्यायचं," ती म्हणाली. "पोचम्मा काय फौजदार आहे, जास्तीचं उकळायला? फोड नारळ."

चाळीस माणसांत एक नारळ म्हणजे नखाएवढा तुकडा वाट्याला आला. मल्लेशनं तो हातावर ठेवून उलटसुलट करून बघितला. मेहुण्यानं दोन्ही पातेली एकात एक घातली आणि दुपारच्या बसची चौकशी केली.

संध्याकाळी तेराही जण खुराड्याकडं निघाले. पुढं दोरसानी, मागं सगळे. बटण आत शिरताना एकदाही मागं वळलं नाही. ओदेलूनं दार लावलं, आणि रिकामा शर्ट चाचपत घरात आला.

"नवस कधी बोललीस?"

"शुक्रवारी. त्याला मांडीवर घेऊन रडत होतात तेव्हा."

"रडत नव्हतो. हळद गेली होती डोळ्यात."

"हळद त्याच्यानंतर कालवलीत तुम्ही."

ओदेलूनं मशीनवरची पिसं झटकली. मग म्हणाला, "म्हणजे त्याच्या जिवासाठी बोललीस तू."

"कोंबडीसाठी नारळ कोण घालवतं? हा माणूस पुन्हा मशीनवर बसू दे म्हणून बोलले. नारळ देऊन झालाय. आता बसा."

ओदेलू बसला. दोरा घेतला, सुईत घालायला गेला. चुकला. पुन्हा गेला, पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा चुकल्यावर राजव्वा उठली, त्याच्या हातून दोरा घेतला, टोक ओलं केलं आणि ओवून दिला.

"अजून आहे डोळ्यात हळद," ओदेलू म्हणाला.

"असू दे," राजव्वा म्हणाली.